जुनं, जुन्या लाकडाचं की जुन्यासारखं? बिलावर लिहून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या धाटणीच्या सामानाला सध्या चांगली मागणी आहे. नव्या फ्लॅटमध्ये इराणी हॉटेलातल्यासारखी खुर्ची हवी असते, वेताचा कोच हवा असतो, स्वयंपाकघरात पितळी डबे आणि लग्नसमारंभाला आजीच्या कपाटातली वाटावी अशी इरकल. या आवडीमुळे सुतार, पॉलिशवाले, वेत विणणारे, कल्हईवाले यांच्या हाताला पुन्हा काम मिळू लागलं, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण या बाजारात तीन वेगळ्या वस्तू एकाच नावाने, आणि पुष्कळदा एकाच भावाने, विकल्या जातात. पहिली खरोखर जुनी. दुसरी जुन्या लाकडातून आज बांधलेली. तिसरी जुन्या नमुन्यावर केलेली संपूर्ण नवी. तिन्ही घेण्यासारख्या असतात, पण तिन्हींची किंमत, टिकाऊपणा आणि देखभाल वेगळी आहे. यांतली कुठली वस्तू आपण विकतो आहोत ते दुकानदाराने बिलावर लिहून द्यावं आणि गिऱ्हाइकानेही ते मागून घ्यावं, एवढं सांगण्यासाठी हे पत्र. वस्तू पारखायची कशी हे ठाऊक असल्याशिवाय असं बिल मागायचं बळ येत नाही, म्हणून तेही सविस्तर लिहीत आहोत.

सगळ्यात जास्त पैसा लाकडात जातो, तेव्हा सुरुवात लाकडापासून.

मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट आणि जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, शिवाय ऑनलाइन दुकानं, अशी खरेदीची मुख्य ठिकाणं आहेत. या सगळीकडे दिसणाऱ्या ‘अँटिक’ मालापैकी बराचसा जोधपूरच्या कारखान्यांतून नवा बनून येतो. तिथले कारागीर कुशल आहेत, त्यांचा माल चांगलाही असतो. फक्त तो आंब्याचा, बाभळीच्या जातीच्या लाकडाचा किंवा शिसमचा असतो, आणि त्याला जुनेपणा मुद्दाम आणलेला असतो. साखळीने ठोकून खळगे पाडतात, कडा घासतात, रंगाचे दोन-तीन थर चढवून वरचे अर्धवट खरवडतात, ड्रिलने बारीक भोकं पाडून किडीचा भास निर्माण करतात.

हे ओळखायचं ते झीज कुठे आहे यावरून. माणसाचा हात, पाय आणि केरसुणी जिथे लागते तिथेच खरी झीज होते. खुर्चीच्या हातांची पुढची टोकं, पुढच्या दोन पायांमधली आडवी पट्टी जिथे पाय टेकतात ती जागा, खणाची मूठ आणि तिच्या आजूबाजूचं लाकूड, खणाच्या तळाच्या दोन्ही सरकपट्ट्या, कपाटाच्या पायांचे खालचे दोन-तीन इंच. पाठीमागच्या पायाची आतली बाजू पन्नास वर्षांतही झिजत नाही. तिथेही तितकेच ओरखडे असतील, तर ते कारखान्यात पडले आहेत. खण पूर्ण बाहेर काढून उलटा करा. जुन्या खणाच्या तळाला पॉलिश नसतं, लाकूड कोरडं आणि तपकिरी-करडं पडलेलं असतं आणि सरकपट्ट्या मधोमध खोलगट झालेल्या असतात. तळावरून बोट फिरवलं की हाताने मारलेल्या रंध्याच्या हलक्या लाटा जाणवतात. कोपऱ्यातले डव्हटेल, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या दातांचे, सांधे हातचे असतील तर त्यांचे दात किंचित लहान-मोठे असतात आणि सुताराने मापासाठी ओढलेली बारीक रेघ अजून दिसते. सगळे दात एकसारखे असतील तर ते काम मशीनचं. खणाचा तळ प्लायवुडचा किंवा एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) निघाला, तर एक तर वस्तू नवी आहे किंवा तळ बदललेला आहे. तळ बदललेला असण्यात वावगं काही नाही, फक्त बिलात तसं यायला हवं. स्क्रूही पाहावेत. अधिकच्या चिन्हाच्या खाचेचे चकचकीत स्क्रू जर मूळ सांध्यांत असतील, बिजागरीच्या दुरुस्तीत नव्हे, तर तो माल शंभर वर्षांचा असूच शकत नाही.

लाकूड कोणतं हा पुढचा प्रश्न. ‘शीशम फिनिश’ किंवा ‘टीक फिनिश’ लिहिलेलं असेल तर त्याचा संबंध फक्त रंगाशी असतो, लाकडाशी नाही. दुकानात हमखास वजनाचा दाखला देतात. वाळलेलं सागवान घनफुटाला साधारण 18 ते 19 किलो भरतं, पण आंब्याचं लाकूडही जवळपास तितकंच भरतं. तेव्हा खुर्ची उचलून जड लागली म्हणून ती सागवानी, हे खरं नाही. भरवशाची परीक्षा अशी : खालच्या, न दिसणाऱ्या जागी दुकानदाराच्या परवानगीने 120 नंबरच्या पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासायची. सागवान असेल तर आत सोनेरी-तपकिरी रंग येतो, हाताला किंचित तेलकटपणा लागतो आणि कातड्यासारखा ओळखीचा वास येतो. आंब्याचं असेल तर वरचा गडद रंग कातडीसारखा निघून आतून फिकट, बिनवासाचं लाकूड दिसतं. सागवानातही फरक आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं जुनं लाकूड आणि आफ्रिका-दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीतलं लवकर तोडलेलं लाकूड ही दोन्ही सागवानच, पण दुसऱ्यात बाहेरचा फिकट भाग जास्त असतो. कीड लागते ती त्याच भागाला. गडद गाभ्याला ती सहसा शिवत नाही.

शिसव आणि शिसम यांची गल्लत तर रोजची आहे. आपल्या सह्याद्रीतला शिसव जांभळट-काळसर, काळ्या रेषांचा आणि घनफुटाला 24 किलोच्या आसपास भरणारा. उत्तरेकडचा शिसम सोनेरी-तपकिरी आणि त्याहून हलका. दोघांनाही ‘रोजवूड’ म्हणून विकतात, आणि भाव मात्र शिसवाचा लावतात.

भरीव लाकूड आहे की वरून चिकटवलेला पापुद्रा, हे टेबलाच्या कडेला कळतं. वरच्या पृष्ठभागावरच्या रेषा फळीच्या टोकाशी येऊन खाली वळल्या पाहिजेत आणि टोकाला वर्षवलयांच्या कमानी दिसल्या पाहिजेत. रेषा कडेला येऊन एकदम थांबल्या, किंवा एकच गाठ दोन फुटांवर पुन्हा दिसली, तर तो पापुद्रा किंवा छापील कागद आहे.

जुन्या वाड्याच्या तुळया-खांबांपासून केलेलं फर्निचर आम्हाला स्वतःला फार आवडतं, कारण ते लाकूड दशकानुदशकं वाळलेलं असतं आणि सहसा पिळत नाही. पण त्याच्या नावावर नवं लाकूडही खपवतात. खऱ्या तुळईच्या लाकडात खिळ्यांची भोकं असतात आणि त्या भोकांभोवती लोखंड आणि ओलावा यांनी पडलेला काळपट डाग लाकडात खोल गेलेला असतो. नुसत्या ड्रिलच्या भोकाला असा डाग नसतो. अशा लाकडात मोडलेले खिळे आत राहिलेले असतात, म्हणून बांधणाऱ्या सुताराने कापण्यापूर्वी मेटल डिटेक्टर फिरवला का, हेही विचारावं. राहिलेला खिळा पुढे कधीतरी गंजून पॉलिशला फुगवटा आणतो.

किडीबद्दल थोडं सविस्तर, कारण एक किडलेली खुर्ची घरातल्या बाकीच्या लाकडालाही कीड देऊ शकते. पिठासारखी भुकटी पाडणाऱ्या किड्याची भोकं एक ते दोन मिलिमीटरची, गोल असतात. भोकाची कड गडद आणि आत धूळ बसलेली असेल तर कीड बहुधा जुनी, मेलेली आहे. कड फिकट, ताजी आणि खाली बारीक पीठ सांडलेलं असेल तर ती जिवंत आहे. ड्रिलची खोटी भोकं सगळी एकाच मापाची आणि सरळ आत जाणारी असतात, खऱ्या किड्याचा बोगदा आत लगेच वळतो. त्यात बारीक तार घालून पाहिली की कळतं. वस्तू घरी आणल्यावर लगेच दिवाणखान्यात मांडू नये. गॅलरीत किंवा पार्किंगमध्ये काळ्या कागदावर दोन आठवडे ठेवावी. कागदावर पिठाची ढिगुली दिसली तर पॉलिश करण्याआधी औषध मारून घ्यावं. पॉलिश झाल्यावर मारलेलं औषध लाकडात शिरत नाही, आणि पैसे वाया जातात. वाळवीची गोष्ट निराळी. ती मातीच्या नळ्या करून येते आणि लाकूड आतून पोकळ करते. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने पायांवर टकटक केली की पोकळ आवाज येतो. असा पाय बदलावाच लागतो.

आता त्या इराणी हॉटेलातल्या खुर्चीबद्दल. तिचा मूळ नमुना मिखाएल टोनेट यांच्या कारखान्याचा, 1859 सालचा, 14 नंबरचा. बीच लाकडाचे दांडे वाफेवर मऊ करून साच्यात वाकवायचे, ही त्याची युक्ती. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट यांत अख्खी खुर्ची बसायची, आणि सुटी करून एक घनमीटरच्या पेटीत 36 खुर्च्या मावायच्या. म्हणूनच ती जगभर गेली. आज तिच्या नकला ढिगाने मिळतात, आणि त्यांतल्या बऱ्याच खुर्च्यांची पाठ वाकवलेली नसते, जाड फळीतून कमानीच्या आकारात कापून जोडलेली असते. फरक डोळ्यांनी दिसतो. पाठीच्या कमानीवरून लाकडाच्या रेषा बोटाने पकडत चला. वाकवलेल्या लाकडात रेष कमानीबरोबर वळत शेवटपर्यंत जाते. कापलेल्यात ती वळणावर कडेला येऊन संपते, आणि तिथेच जवळपास जोडही असतो. पाठीला जोरात टेकलं की लाकूड चिरतं ते नेमकं तिथे, कारण त्या जागी तंतू आडवे तुटलेले असतात. नवी खुर्ची घ्यायची असेल तरी वाकवलेलीच घ्या. जुनी म्हणून घेत असाल तर बैठकीच्या गोल चौकटीची आतली बाजू पाहा, तिथे कारखान्याचा ठसा किंवा कागदी लेबल असायचं. पण निव्वळ लेबलावर भाव देऊ नका, कारण ते नव्या खुर्चीलाही चिकटवता येतं. लेबलाखालचं लाकूड आजूबाजूच्या लाकडापेक्षा थोडं वेगळ्या रंगाचं असतं, निदान कडेला तरी फरक दिसायला हवा.

वेताच्या बैठकीत दोन प्रकार असतात. हातविणीच्या चौकटीला साधारण अर्ध्या इंचावर एक अशी आरपार भोकं असतात आणि वेत त्यांतून ओवलेला असतो : आधी उभे, मग आडवे, पुन्हा उभे, मग त्यांतून विणत आडवे, दोन्ही दिशांचे तिरपे आणि शेवटी कडेची पट्टी. तयार जाळीच्या बैठकीला भोकं नसतात, चौकटीभोवती एक खाच असते आणि तिच्यात जाळी ठोकून वर पट्टी चिकटवलेली असते. दुरुस्तीचा खर्च यावरच ठरतो. हातवीण मोडली तर पूर्ण बैठक पुन्हा विणावी लागते, जाळी एका दुपारात बदलून होते. प्लॅस्टिकचा वेत ओळखायला खालच्या बाजूला ओला फडका पाच मिनिटं ठेवावा. खरा वेत पाणी पितो आणि रंग गडद होतो, प्लॅस्टिकवर थेंब तसेच राहतात. सैल पडलेला खरा वेतही याच रीतीने ताणून घेता येतो : खालून चांगला ओला करायचा आणि सावलीत रात्रभर वाळू द्यायचा. म्हणूनच वेताच्या खालच्या बाजूला वार्निश मारू नये. ओलावा आत जायची वाट बंद झाली की एसीच्या कोरड्या हवेत वेत तडकतो.

पॉलिशबद्दल दुकानात फारसं कुणी बोलत नाही, आणि जुनी वस्तू बिघडते ती मात्र तिथेच. जुन्या फर्निचरवर बहुधा चपडा लाखेचं पॉलिश असतं. स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस न दिसणाऱ्या जागी अर्धा मिनिट धरला आणि चिकट झालं तर ते लाखेचं. काहीच झालं नाही तर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइन, म्हणजे आजची रासायनिक पॉलिशं. ‘शंभर वर्षांचं मूळ पॉलिश’ सांगितलेली वस्तू स्पिरिटला दाद देत नसेल तर ते पॉलिश अलीकडचं आहे. लाखेचं पॉलिश घरी करायचं असेल तर एक लिटर स्पिरिटला 250 ग्रॅम चपडा रात्रभर भिजवून, मलमलीतून गाळून, पातळ हात द्यावेत. दोन हातांमध्ये 320 नंबरच्या पेपरने हलकं घासावं. भिजवलेली लाख सहा महिन्यांपेक्षा जुनी वापरू नये, ती नीट सुकत नाही आणि कपड्याला चिकटत राहते. जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढूच नये. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतला ओलावा त्यात अडकतो आणि पॉलिश दुधाळ पांढरं पडतं. गिऱ्हाइकाला वाटतं कारागिराने भेसळ केली. लाखेच्या पॉलिशवर गरम चहाचा कप ठेवला की पांढरी चकती उमटते, तेव्हा रोजच्या जेवणाच्या टेबलाला पीयू बरं. जुन्या, शोभेच्या वस्तूला मात्र लाखच द्यावी, कारण ती पुन्हा काढता येते.

रंग दिलेले जुने दरवाजे, पाळणे आणि लहान मुलांच्या खुर्च्या घेताना विशेष काळजी घ्यावी. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) जास्त नसावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं हे गृहीत धरावं. असा रंग कोरड्या पेपरने किंवा मशीनने कधीही घासू नये, धूळ श्वासात जाते. ओला करून किंवा रंग काढायचं रसायन लावून खरवडावा आणि निघालेला गाळ ओल्या कागदात गुंडाळून टाकावा. खपल्या निघालेल्या जुन्या पाळण्यात बाळाला झोपवू नये, मग तो दिसायला कितीही देखणा असो.

माप घेतल्याशिवाय काही उचलू नये, हे सांगायला नको असं वाटतं, पण वस्तू परत येतात त्या बहुतेक याच कारणाने. लिफ्टच्या दाराची रुंदी, जिन्याचं वळण आणि घराचं दार ही तीन मापं खिशात हवीत. जुनी मोठी कपाटं सुटी होतात का, हे विचारावं. वरची झालर आणि खालची बैठक खुंट्यांवर बसवलेली असेल तर होतात, स्क्रू-डिंकाने पक्की केली असेल तर नाही. जुन्या पलंगांची मापं आजच्या गाद्यांशी जुळत नाहीत, गादी वेगळी शिवून घ्यावी लागते, तो खर्च आधीच धरावा. जेवणाच्या टेबलाची उंची 29-30 इंच आणि खुर्चीच्या बैठकीची 17-18 इंच, म्हणजे मध्ये साधारण एक फूट अंतर हवं. जुनं टेबल एकीकडून आणि खुर्च्या दुसरीकडून घेतल्या की इथेच चुकतं. टेबलावरचा दगड संगमरवर म्हणून दाखवला तर खालच्या बाजूला लिंबाचा एक थेंब टाकून पाहावा. संगमरवराची चमक तिथे मरते, रेझिनच्या दगडाची किंवा ग्रॅनाइटची मरत नाही. त्याच कारणाने खऱ्या संगमरवरी टेबलावर लोणचं आणि लिंबू सांडू देऊ नये.

भांड्यांकडे वळतो. पितळ म्हणून विकलं जाणारं पुष्कळ सामान पितळेचा मुलामा दिलेलं असतं. लोहचुंबक लोखंड पकडतं, पण ॲल्युमिनियम किंवा जस्ताच्या मिश्रधातूला ते चिकटत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पक्की परीक्षा होते. आधी वस्तूचं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याने भरलेलं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा आणि वस्तू दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्याने पहिल्या वजनाला भागा. 850 ग्रॅमच्या लोट्याने काटा 100 दाखवला तर उत्तर 8.5, म्हणजे पितळ. पितळ 8.4 ते 8.7 च्या दरम्यान येतं, तांबं 8.9 च्या जवळ, लोखंड 7.8, जस्ताचे मिश्रधातू सातच्या आतबाहेर, ॲल्युमिनियम 2.7. आत हवा अडकली तर आकडा खोटा येतो, म्हणून भांडं आडवं करून बुडवावं. बंद पोकळीच्या समया आणि मूर्तींना ही रीत चालत नाही. कासं आकड्यात पितळेच्या फार जवळ आहे, ते आवाजावरून ओळखावं : टिचकी मारल्यावर काशाची वाटी लांबवर वाजत राहते, पितळेचा आवाज लवकर विरतो.

पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी मठारकामासाठी ओळखली जाते. हातोडीने एकेक ठोका देत भांड्याला घाट आणि कणखरपणा आणायचा, हे ते काम. हातच्या मठारकामात ठोक्यांच्या ओळी भांड्याच्या गोलाईबरोबर फिरतात, पण दोन ठोके अगदी सारखे नसतात, आणि काठाकडे जाताना ओळी दाट-विरळ होतात. प्रेसवर उठवलेल्या नकलेत तोच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. एखादा वेडावाकडा ठोका डोळ्यांनी हेरा आणि भांडं फिरवा. तो तसाच दुसरीकडे दिसला तर ते साच्याचं काम आहे. किंमत हातकामाची सांगत असतील तर हे एवढं पाहून घ्यावंच.

शोभेचं पितळ आणि स्वयंपाकाचं पितळ यांत फरक करायला हवा. नव्या ‘अँटिक’ भांड्यांवर काळं पडू नये म्हणून लॅकर, म्हणजे पारदर्शक लेप, दिलेलं असतं, ते अन्नाच्या भांड्याला चालत नाही. ओतीव पितळेत यंत्रकामासाठी शिसं घातलेलं असू शकतं, त्यामुळे ओतीव शोभेच्या भांड्यात कधीच शिजवू नये. पत्र्याच्या पितळी पातेल्याला कल्हई हवी, नाहीतर चिंच, कोकम, ताक, टोमॅटो यांनी भांडं कळकतं आणि तांबं अन्नात उतरतं. कल्हई करून घेताना कथलाची कांडी पाहायला मागा. शुद्ध कथिल वाकवलं की कर्र असा बारीक आवाज येतो आणि कागदावर घासलं तर काळी रेघ उमटत नाही. शिसं मिसळलेलं असेल तर करडी-काळी रेघ येते, अशी कल्हई नाकारावी. कथिल 232 अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं तापत ठेवू नये आणि त्यात फोडणी तडतडवू नये. कल्हईचे गोळे होऊन तळाला जमतात ते यामुळे.

कपड्यांबद्दल आम्ही थोडक्यात लिहितो, त्यातले जाणकार वेगळे आहेत. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा केला तरी नक्षी जवळजवळ तशीच स्वच्छ दिसते. मागे मोकळे लोंबणारे किंवा कातरलेले धागे असतील तर ती यंत्रमागाची. इरकलीत अंग आणि पदर वेगवेगळ्या ताण्यांचे (उभ्या धाग्यांचे) असून धाग्यांचे फास एकमेकांत अडकवून जोडलेले असतात. तो जोड बोटाला जाणवतो. पूर्ण साडी एकसंध असेल तर ती इरकलीच्या नमुन्याची आहे, इरकल नव्हे. जुनी रेशमी साडी घेताना ती उजेडासमोर धरून घड्यांच्या रेषा पाहाव्यात. तिथे बारीक चिरा दिसत असतील तर तिचा ड्रेस किंवा ब्लाउज शिवू नये, शिलाईचा ताण ते कापड सोसत नाही. तिच्या पदराची चौकट करून भिंतीवर लावावी. साडीतली जर, म्हणजे धातूची तार, खरी जुनी असेल तर ती चांदीची असते आणि तिच्या आतला धागा रेशमाचा, बऱ्याचदा तांबडा. प्लॅस्टिकची जर ज्योतीजवळ नेली की आक्रसून गोळी होते. ही परीक्षा अर्थातच सुटलेल्या एका धाग्यावर करावी. नव्या मालावर सिल्क मार्क आणि हँडलूम मार्क पाहता येतो. जुन्या साडीला असा आधार नसतो, तिथे डोळा आणि बोटंच कामाची.

जुने रेडिओ आणि पंखे घेतले तर लगेच प्लगला लावू नयेत. वाल्व्हच्या रेडिओतले कागदी कपॅसिटर वयाने निकामी होतात आणि आत आग लागू शकते. लोखंडी अंगाच्या पंख्याला तीन तारांची, अर्थिंगची वायर घालून घेतल्याशिवाय हात लावू नये.

परदेशी राहणारे नातलग इथून अशा वस्तू नेतात, त्यांच्यासाठी दोन कायदे महत्त्वाचे. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू, आणि पंचाहत्तर वर्षांहून जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखित पोथ्या, खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. वस्तू तशी नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देतं, तो पॅकिंगच्या आधी घ्यावा. शिसव आणि शिसम ही दोन्ही लाकडं 2017 पासून वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय नियंत्रणाच्या यादीत (साइटीस) आहेत, जड फर्निचर पाठवताना त्याचे कागद लागतात. जो दुकानदार एकीकडे ‘दीडशे वर्षांचं’ सांगतो आणि दुसरीकडे ‘खुशाल बाहेर न्या’ म्हणतो, त्याचं एक विधान नक्की खोटं आहे. हस्तिदंताचं जडावकाम असलेल्या पेट्यांची खरेदी-विक्री देशातही बेकायदा आहे, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आता बिलाकडे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या आहे. तिच्यात जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणं स्पष्ट शब्दांत आलं आहे. आपल्या बाजारात घडतं ते उलटं : नवा माल जुना म्हणून विकला जातो. त्याचा उल्लेख तितक्या थेट शब्दांत नाही. पण मालाचा दर्जा, घटक किंवा घडण यांबद्दल खोटं सांगणं त्याच व्याख्येत येतं, तेव्हा ‘सागवानी, जुनं’ असं सांगून नवं आंब्याचं देणंही त्यात बसतं. बिल न देणं हीदेखील अनुचित प्रथा आहे, आणि सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत न घेणं हीसुद्धा. अडचण अशी की या बाजारात बिलावर ‘वुडन चेअर, 1 नग’ एवढंच लिहिलेलं असतं. तोंडी सांगितलेलं पुढे सिद्ध करता येत नाही आणि तक्रार तिथेच अडते.

म्हणून बिलावर चार गोष्टी असाव्यात. वस्तू जुनी, जुन्या लाकडाची की नवी. मुख्य लाकडाचं किंवा धातूचं नाव, आणि पाठ-तळ वेगळ्या मालाचे असतील तर तेही. कोणते भाग बदलले, उदाहरणार्थ ‘मागचे दोन पाय आणि बैठक नवी’. आणि पॉलिश कोणतं. लिहायला दोन मिनिटं लागतात. ऑनलाइन घेताना हेच चार प्रश्न पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारावेत आणि उत्तर जपून ठेवावं. उलट्या केलेल्या खणाचा आणि बैठकीच्या खालच्या बाजूचा फोटो मागावा. तो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नये. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

प्रामाणिकपणे नवी म्हणून विकलेली, जुन्या नमुन्याची खुर्ची घ्यायला कुणी संकोचू नये. रोज बसायला, मुलाबाळांच्या घरात, ती कित्येकदा जुनीपेक्षा सोयीची पडते, आणि ती करणाऱ्या सुताराला त्याच्या कामाचे पैसे मिळतात. आज तिला खोटं वय चिकटवलं की त्या वयाचे पैसे मधला व्यापारी घेतो, करणाऱ्याचं नाव कुठेच येत नाही. दुकानदारांच्या संघटनांनी या चार रकान्यांचं बिलपुस्तक आपल्या सभासदांसाठी छापून घ्यावं, आणि नव्या मालासाठी त्यात पाचवा रकाना ठेवावा : बनवणाऱ्या कारागिराचं नाव आणि गाव.

आपले,
जुन्या लाकडी सामानाची दुरुस्ती व पॉलिश करणारे काही कारागीर, पुणे